‘पाहुणे’ नावाचं नेटवर्क

आमच्या मजल्यावर दिवसा दार लावून घ्यायची पद्धत नाही. दार लावलेलं दिसलं की शेजारचे आधी विचारतात, बरं नाही का? कांदिवलीतल्या या इमारतीत आले ते बहुतेक गिरणगाव सोडून. आमचे वडीलही त्यातलेच. चाळीतलं दुसरं काही बरोबर आलं नसेल, पण ही सवय तेवढी आली. त्यामुळे आमच्या वाय-फायचा पासवर्ड आईने दाराजवळच्या कॅलेंडरवर, सिलेंडर कधी आला त्याच्या खाली, मोठ्या अक्षरात लिहून ठेवला होता याचं मला आश्चर्य वाटलं नाही. राग मात्र यायचा. कुणीही पाणी प्यायला आत यायचं आणि इंटरनेट घेऊन बाहेर पडायचं. माझी मीटिंग मध्येच अडकली की मी समजायचे, मजल्यावर कुणाकडे तरी भाचेमंडळी उतरली आहेत.

‘‘काय गो, कोण पाणी मागूक इलो तर नाय म्हणतलंस काय?’’ आई विचारायची.

मी आणखी चिडायचे.

मी मरोळच्या एका कंपनीत काम करते. परदेशातल्या दवाखान्यांची बिलं तपासायचं काम. आईचं विसरणं वाढलं तेव्हा मी वरिष्ठांच्या मागे लागून घरून काम करायची तात्पुरती परवानगी मिळवली होती. विसरणं म्हणजे सुरुवातीला चष्मा, किल्ल्या, एवढंच होतं. मग एकदा ती गॅसवर कुकर ठेवून खाली भाजी आणायला गेली आणि भाजीवाल्याकडेच गप्पा मारत बसली. डॉक्टरांनी दोन गोळ्या सुरू केल्या, एक सकाळची, एक संध्याकाळची, आणि सांगितलं की यांना एकटं ठेवू नका. सकाळची मी हातात द्यायचे. संध्याकाळी मी कानाला हेडफोन लावून आतल्या खोलीत अडकलेली असायचे, पण ती गोळी आई आपली आपण घ्यायची. हे मी भावाला फोनवर ठामपणे सांगत असे. त्याला दाखवून द्यायचं होतं ना, की इथे सगळं व्यवस्थित चाललंय.

दादा मुलुंडला राहतो. त्याचं घर मोठं आहे, हवेशीर आहे, आणि त्याच्या मजल्यावर सगळी दारं कायम बंद असतात. आईला त्याच्याकडे न्यावं, दिवसभरासाठी एक बाई ठेवावी, असं त्याचं म्हणणं. त्यात चुकीचं काही नव्हतं. पण आई तिथे दोन दिवस राहून आली की आठवडाभर गप्प असायची. ‘‘मी खंय जावचंय नाय,’’ ती सांगायची, ‘‘माका हयच रवाचा आसा.’’ ती एवढं स्पष्ट दुसऱ्या कशाबद्दलच बोलत नसे.

आणि मग ऑफिसातून मेल आली. घरून काम पुढे चालू ठेवायचं असेल तर ऑफिसचा लॅपटॉप घरातल्या इतर कुठल्याही उपकरणाच्या संपर्कात नसलेल्या, वेगळ्या नेटवर्कवर हवा. सोमवारी तपासणी. नापास झालात तर रोज मरोळला हजर राहायचं. म्हणजे मी मरोळला आणि आई मुलुंडला. इतकं सरळ गणित होतं.

मी दादाला फोन केला, कारण या विषयात त्याला सगळं कळतं असा त्याचा स्वतःचा समज आहे.

‘‘अगं, एकदम सोपं आहे,’’ तो म्हणाला. ‘‘व्हीलॅन कर.’’

व्हीलॅन म्हणजे काय ते मी आता कुणालाही सांगू शकते, फक्त सांगताना माझे दात आपोआप आवळले जातात. वायर एकच. पण तिच्यातून जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर एक नंबर चिकटवायचा. एका नंबरवाल्याला दुसऱ्या नंबरवाला दिसत नाही, जणू तो त्या घरात नाहीच. हे नंबर कुठल्या भोकातून आत सोडायचे आणि कुठल्यातून नाही, ते ठरवायला साधा स्विच, म्हणजे वायरी जोडायचा भोकाभोकांचा डबा, चालत नाही. त्याला ‘मॅनेज्ड’ स्विच लागतो. मॅनेज्ड म्हणजे त्याला आपण मॅनेज करायचं असतं, असं मी समजत होते.

आमचं घर म्हणजे शेजारशेजारच्या दोन खोल्या मधे दार पाडून जोडलेल्या. मधली भिंत इतकी जाड की बाहेरच्या खोलीतलं वाय-फाय आतल्या खोलीत पोचेपर्यंत दमून जायचं. म्हणून मी आधीच मेशचे तीन पांढरे डबे घेतले होते, एकमेकांकडून सिग्नल घेऊन पुढे देणारे. एक टीव्हीपाशी, एक स्वयंपाकघरात, एक माझ्या टेबलावर. आईने तिन्हींवर क्रोशाचे रुमाल घातले होते. आता दादाच्या सांगण्यावरून दोन मॅनेज्ड स्विच आले, एक बाहेरच्या खोलीत कपाटावर, एक आत, आणि भिंतीला भोक पाडून त्यांच्यामधून एक वायर गेली. भोक पाडताना आईच्या देवांवर सगळी माती पडली. ती देव पुसत राहिली. माझ्याने ते बघवेना.

शनिवारी दुपारी जेवण आटोपून मी कामाला बसले. दादाने फोनवर सांगितलं होतं की तीन नेटवर्कं कर. ‘काम’, ‘घर’ आणि ‘पाहुणे’.

‘‘पाहुणे कशाला?’’

‘‘तुमच्या त्या मजल्यावरच्या जनतेला,’’ तो म्हणाला. ‘‘बाहेरच्यांना घरच्या नेटवर्कवर घ्यायचं नसतं यार. बेसिक आहे हे.’’

मला ते पटलं. खरं सांगायचं तर फार आवडलं. इतकी वर्षं त्या कॅलेंडरवरच्या पासवर्डावर जो राग साठला होता, त्याला आता शास्त्राचा आधार मिळाला.

पहिली गडबड लगेच झाली. स्विचचं सेटिंग बदलायचं तर लॅपटॉप त्या स्विचलाच जोडावा लागतो. मी ज्या भोकात लॅपटॉप जोडला होता, तेच भोक ‘काम’मध्ये टाकलं आणि ‘सेव्ह’ दाबलं. पडदा पांढरा झाला. स्विच चालू होता, हिरवे दिवे लुकलुकत होते, पण मला ओळख दाखवायला तयार नव्हता. ज्या दाराने मी आत शिरले होते, त्या दाराला मीच बाहेरून कडी घातली होती. दादा म्हणाला, ‘‘असं कसं केलंस? आधी दुसरं भोक मोकळं ठेवायचं ना!’’ हे त्याने आधी सांगितलं नव्हतं. तो सगळंच नंतर सांगतो.

यावर उपाय एकच, स्विच पहिल्यासारखा कोरा करायचा. त्यासाठी मागे एक बारीक छिद्र असतं, त्यात टोकदार काहीतरी खुपसून धरायचं. मी घरभर टाचणी शोधत फिरत होते. तेवढ्यात आईने बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून माझ्यासमोर धरली.

‘‘घे. आणि बडबडू नको.’’

त्या दुपारी ती पिन मी किती वेळा वापरली ते सांगण्यात अर्थ नाही. एकदा दोन स्विचमधल्या वायरला तिन्ही नंबर द्यायला विसरले, तर आतल्या खोलीतला मेशचा डबा लाल डोळा करून बसला. एकदा सगळं जमलं, मी पाणी प्यायला उठले, आणि परत येते तो सगळा अंधार. आईने जाता जाता कपाटाजवळचं बटण बंद केलं होतं. वापरात नसलेलं बटण बंद करायचं ही तिची आयुष्यभराची शिस्त. बदललेलं सगळं सेटिंग पक्कं करायचं एक वेगळं बटण त्या स्विचमध्ये असतं, आणि ते मी दाबलेलं नव्हतं. सगळं पुसलं गेलं. मी आईवर ओरडले. नको तेवढी ओरडले. मग बटणावर पट्टी चिकटवून लिहिलं, बंद करू नये.

दाराशी सिस्टर उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असणार.

सिस्टर आमच्या समोरच्या घरात राहतात. म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात नर्स होत्या, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण मजला त्यांना सिस्टरच म्हणतो. मूळच्या मराठवाड्यातल्या. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, फोटोसमोर रोज ताजी फुलं. आवाज वॉर्डभर घुमेल असा. त्यांच्याकडे क्रिकेट दाखवणाऱ्या कंपनीचं सभासदत्व आहे, ते त्यांच्या लेकीने त्यांच्या फोनवर घालून दिलंय. आणि आमच्याकडे मोठा टीव्ही आहे. त्यामुळे रोज संध्याकाळी त्या फोन घेऊन आमच्याकडे यायच्या, फोनवरची मॅच टीव्हीवर टाकायच्या, आणि दोघी पलंगावर बसून बॉलरला शिव्या घालायच्या. मॅच नसेल तर जुनी मॅच बघायच्या. आईला सकाळी काय खाल्लं ते आठवत नसे, पण कोण कुठल्या बॉलवर बाद होणार ते ती आधी सांगायची. जुनी मॅच असते, असं सिस्टर तिला कधी बोलून दाखवत नसत.

‘‘जमेल गं,’’ त्या मला म्हणाल्या. ‘‘चिडून सलाइनसुद्धा लागत नाही.’’

संध्याकाळपर्यंत जमलं. तीन नेटवर्कं उभी राहिली. ‘काम’वरून ‘घर’ दिसेना, ‘घर’वरून ‘काम’ दिसेना. मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. कॅलेंडरवरचा जुना पासवर्ड पेनाने गिरगटून टाकला आणि शेजारी ‘पाहुणे’चा नवीन लिहिला. सिस्टर आल्या तेव्हा मी स्वतः त्यांचा फोन घेऊन त्यात तो घातला. आता मॅच झकास दिसेल म्हटलं.

मॅच दिसेना. त्यांच्या फोनला टीव्हीच सापडत नव्हता. टीव्ही होता ‘घर’वर आणि फोन ‘पाहुणे’वर. आणि एकाला दुसरा दिसू नये यासाठीच मी दिवसभर घाम गाळला होता. मी म्हटलं, थांबा, करते. दादाला फोन. दादाने एक सेटिंग सांगितलं, त्याने टीव्हीचं नाव दिसायला लागलं, पण नावावर बोट ठेवलं की चाक फिरत राहायचं. दुसरं सेटिंग सांगितलं, त्याने टीव्हीवर माझ्या फोनचंही काही चालेना. आई विचारत होती, चालू झाली काय मॅच? सिस्टर हातात फोन धरून बसल्या होत्या, पडद्याकडे बघत. जरा वेळाने उठल्या.

‘‘राहू दे. तुझं काम महत्त्वाचं,’’ म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी रविवारी त्या आल्या नाहीत. मला वाटलं, लेकीकडे गेल्या असतील. खरं तर मला बरंच वाटलं, कारण तपासणीआधी मला सगळं परत एकदा नीट बघायचं होतं. संध्याकाळी आई दोनदा गॅलरीत जाऊन आली. मी आत दार लोटून बसले होते, हेडफोन लावून, स्विचच्या पानांवर डोळे लावून. मला नाकाने कळलं. दूध करपल्याचा वास. पळत स्वयंपाकघरात गेले तर पातेलं काळंठिक्कर, गॅस चालू, आणि आई नाही.

ती सिस्टरांच्या दारात उभी होती. त्यांचं दार लावलेलं होतं. आमच्या मजल्यावर, दिवेलागणीला, लावलेलं दार.

‘‘ती कित्याक येणा नाय?’’ आईने मला विचारलं. ‘‘च्या करूक ठेवलंय तिच्यासाठी.’’

गॅस बंद करून मी परत गेले आणि त्यांचं दार वाजवलं. सिस्टरांनी उघडलं. आईला आत घेतलं, खुर्चीवर बसवलं, मला मात्र बसायला सांगितलं नाही.

‘‘सिस्टर, बरं नाही का?’’

‘‘बरी आहे मी.’’

‘‘मग आला का नाहीत? टीव्हीचं मी करतेय हो, एवढं तपासणीचं होऊ दे...’’

त्यांनी फोन उचलला आणि माझ्यासमोर धरला. वरच्या कोपऱ्यात नेटवर्कचं नाव होतं, मी दिलेलं.

‘‘हे कुणी लिहिलं?’’

‘‘मी.’’

‘‘माझी आई गावाला ज्यांच्याकडे कामाला जायची, तिथे तिचा कप दारामागे वेगळा असायचा. चहा द्यायचे, नाही असं नाही. कप वेगळा.’’ त्या नेहमीच्याच आवाजात बोलत होत्या, तापमान सांगावं तशा. ‘‘तुझ्या मनात तसं नाही, ते मला माहितीये. तुझ्या आईच्या ताटात जेवलेय मी. पण काल ते नाव दिसलं फोनवर, आणि आज पाय उचलेना. वेडेपणा म्हण.’’

मी काहीतरी समजावायला गेले. कंपनीचा नियम, सुरक्षा, दादा म्हणाला, असलं काहीतरी. लाज वाटली, आणि त्या लाजेचाही मला राग आला. मी आईला घेऊन घरी आले.

त्याच संध्याकाळी मी ‘पाहुणे’ काढून टाकलं. ते काढतानाही आतल्या मेशच्या डब्याने लाल डोळा केला आणि पिन परत काढावी लागली. पण या वेळी मी ओरडले नाही. मग सिस्टरांच्या दारात जाऊन फोन मागितला आणि त्यात ‘घर’चा पासवर्ड घातला. त्यांनी फोनकडे बघितलं आणि परत घेतला. या म्हटलं, तर ‘‘बघू’’ म्हणाल्या.

सोमवारी दुपारी तपासणी झाली. ऑफिसच्या आयटीतला मुलगा, आवाजावरून तरी विशीतला, व्हिडिओ कॉलवर आला.

‘‘मॅडम, स्क्रीन शेअर करा ना.’’

त्याने माझ्या लॅपटॉपवर काहीतरी चालवलं. मग ‘घर’वरून ‘काम’कडे जायचा रस्ता सापडतो का ते शोधलं. सापडला नाही. मग त्याने ‘घर’वरच्या उपकरणांची यादी उघडायला लावली. टीव्ही, माझा फोन, आईचा फोन, आणि एक आणखी फोन.

‘‘घरात दोघीच आहात असं लिहिलंय इथे. हा फोन कोणाचा?’’

दादा असता तर म्हणाला असता, सांगू नकोस. मी म्हटलं, ‘‘समोरच्या सिस्टरांचा.’’

‘‘म्हणजे बाहेरच्यांचा?’’

‘‘नाही,’’ मी म्हटलं. ‘‘घरचाच.’’

पलीकडून टाइप केल्याचा आवाज येत होता. माझ्या डोळ्यांसमोर मुलुंडचं ते बंद दार आलं.

‘‘चालेल,’’ तो म्हणाला. ‘‘लॅपटॉप वेगळा आहे ना, आम्हाला तेवढंच बघायचं असतं. बाकी घरात कोण असावं ते तुमचं तुम्ही ठरवा. अप्रूव्ह करतो.’’

कॉल संपला आणि मी टेबलावर डोकं ठेवलं. तेवढंच बघायचं असतं! तिसरं नेटवर्क कुणी मागितलंच नव्हतं. तो सगळा उपद्व्याप, ते पिन खुपसणं, ती आईवरची ओरड, निम्मं तरी मी हौसेने ओढवून घेतलं होतं. मी दादाला फोन लावला आणि आई इथेच राहणार असं सांगितलं. आवाज जरा जास्तच चढलेला असावा. तो म्हणाला, बरं बाई, पण सांभाळशील ना? मी म्हटलं, सांभाळतेच आहे इतके दिवस.

संध्याकाळी सिस्टर आल्या. दारात क्षणभर थांबल्या, मग चपला काढून आत. पलंगावर आपल्या जागेवर बसल्या, फोनवर बोट ठेवलं, आणि टीव्हीवर हिरवं मैदान उजळलं. जुनीच मॅच होती. आईने हात वर करून ‘‘गेलो, गेलो, ह्यो आता गेलो’’ सुरू केलं. मी दोघींना चहा दिला. आतल्या खोलीत परत जायला वळले तेव्हा सिस्टर आईला विचारत होत्या, सहज विचारावं तसं, टीव्हीवरून नजर न काढता.

‘‘शनिवारची आणि कालची गोळी घेतलीस ना गं?’’

‘‘माका काय विचारतंस?’’ आई म्हणाली. ‘‘तूच दितंस मा रोज. तू खंय इलंस?’’

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. शनिवारी त्या मॅच न बघताच उठून गेल्या होत्या, आणि काल आल्याच नव्हत्या.

मी फ्रिजवरची संध्याकाळच्या गोळ्यांची पट्टी काढून बघितली. दोन्ही दिवसांच्या गोळ्या तशाच होत्या.